माशी, खाच आणि उतारवयातला डोळा

माहुलीच्या सुळक्यांपासून सिद्धगडाच्या माचीपर्यंत, सह्याद्रीच्या पायथ्याला लागून पसरलेल्या शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत नेम धरण्याचे कसब कोणी शाळेत जाऊन शिकत नाही. कैऱ्यांच्या दिवसांत गलोलीचा खडा नेमका देठावर बसवणारा पोरगा, नाचणी-वरईच्या उतारावर माळा बांधून रात्र जागवणारा शेतकरी, पिढ्यान्‌पिढ्या तिरकमठा वागवीत आलेले कातकरी, ठाकर आणि महादेव कोळी, या सर्वांकडे ते वारशानेच येते. बंदूक मात्र या मुलुखात निराळ्या वाटांनी शिरली. तिची एक वाट सरकारी बंदोबस्ताची. दुसरी त्या बंदोबस्ताविरुद्ध उठलेल्यांची, म्हणजे १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फासावर चढवलेल्या राघोजी भांगऱ्यांची आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात हिराजी पाटलांसह धारातीर्थी पडलेल्या भाई कोतवालांची. तिसरी वाट पिकाच्या राखणीची, जिच्यावरून परवान्याची ठासणीची बंदूक काही घरांच्या खुंटीवर येऊन विसावली. निव्वळ खेळ म्हणून, कागदावरच्या काळ्या वर्तुळाचा वेध घेण्याच्या शुद्ध आनंदासाठी बंदूक हाती घेण्याची चौथी वाट येथे अद्याप मळलेली नाही, आणि त्यामुळेच वय वाढल्यावर नेमाचे काय होते, हा प्रश्न येथे कोणी विचारीत नाही.

तो विचारण्याजोगा आहे. पोलीस खात्यातून निवृत्त झालेला हवालदार, पलटणीतून निवृत्तिवेतन घेऊन गावी परतलेला जवान, किंवा वडिलांची बंदूक रीतसर आपल्या परवान्यावर चढवून घेतलेला शेतकरी, या तिघांचीही पन्नाशीनंतरची तक्रार बहुधा एकच असते: निशाण दिसते, पण माशी दिसत नाही. नळीच्या टोकावर जो लहानसा मणी किंवा उभी पट्टी असते ती माशी, आणि डोळ्याच्या बाजूला पत्र्यात जी कापलेली फट असते ती खाच. दुर्बीण नाही, भिंग नाही, लाल प्रकाशाचा ठिपका नाही, केवळ पोलादाचे हे दोन तुकडे आणि मनुष्याचा डोळा एवढ्यावरच हा सारा व्यवहार चालतो. माशी धूसर झाली की हा मनुष्य आधी उजेडाला दोष देतो, मग बंदुकीला, आणि अखेरीस स्वतःच्या वयाला दोष देऊन बंदूक तेल लावून गुंडाळून ठेवतो. माझे ठाम मत असे, की पुष्कळांच्या बाबतीत हा निर्णय फार लवकर घेतला जातो, आणि तो घेण्यापूर्वी नेम म्हणजे काय आणि वार्धक्य त्यातले नेमके काय हिरावून नेते, एवढे तरी समजून घेतले पाहिजे.

नेम धरणाऱ्याच्या दृष्टिपथात एकाच वेळी तीन वस्तू येतात. खाच हातभर अंतरावर, माशी पाऊण ते एक मीटरवर आणि निशाण दहा, पंचवीस किंवा पन्नास मीटरवर. मनुष्याचा डोळा, मग तो वीस वर्षांच्या तरुणाचा का असेना, या तिन्ही वस्तू एकाच क्षणी सुस्पष्ट पाहू शकत नाही. त्याला निवड करावी लागते. नवशिक्याची नजर स्वभावतःच निशाणाकडे धावते, कारण वेध घ्यायचा तो निशाणाचा. परंतु चांदमारीच्या मैदानावरचा प्रत्येक उस्ताद पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट घोकून घेतो, की नजर माशीवर ठेवा आणि निशाण धूसर दिसते ते तसेच दिसू द्या. या आज्ञेमागे निखळ भूमिती आहे. दहा मीटरवर नेम साधण्याच्या हवाई पिस्तुलाची माशी आणि खाच यांत सुमारे ३२ सेंटिमीटर अंतर धरले, आणि माशी खाचेच्या मध्यापासून केवळ १ मिलिमीटर बाजूला सरली, तर छर्रा निशाणावर मध्यापासून सुमारे ३१ मिलिमीटर दूर जाऊन आदळतो. दहा गुणांच्या जागी सात पदरी पडतात. उलटपक्षी, माशी आणि खाच परस्परांशी बिनचूक जुळलेली असून सबंध हातच जर समांतर सरकला, तर तो ८ मिलिमीटर सरकेपर्यंतही गुण दहाच मिळतात, कारण दहाचे वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचे असून ४.५ मिलिमीटर जाडीच्या छर्ऱ्याने त्याच्या रेषेला नुसता स्पर्श केला तरी तो दहातच मोजला जातो.

या हिशेबाचा अर्थ वृद्धांना मोठा दिलासा देणारा आहे, आणि तो मी मुद्दाम थांबून सांगतो. वय झाले की हात किंचित डुलतो, ही गोष्ट खरी. पण डुलणारा हात हा या विद्येचा लहान शत्रू आहे. मोठा शत्रू म्हणजे माशी आणि खाच यांची मोडलेली जुळणी, आणि ती मोडते तेव्हा बहुधा डोळा माशी सोडून निशाणाकडे पळालेला असतो, किंवा माशीची कड त्याला दिसेनाशी झालेली असते. निशाण धूसर दिसणे हे तर या खेळात विहितच आहे. म्हणजे साठीच्या मनुष्याला गरुडाची दृष्टी परत मिळवायची नसून एक मीटरवरची एक काळी पट्टी स्वच्छ पाहण्याची सोय करून घ्यायची आहे.

दुर्दैव एवढेच, की वय प्रथम हल्ला करते ते नेमके याच अंतरांवर. डोळ्याच्या आतले नेत्रभिंग तारुण्यात लवचीक असते. जवळची वस्तू पाहताना ते फुगते, दूरची पाहताना सपाट होते. वर्षे सरतात तसे ते ताठर होत जाते. लहान मुलाच्या डोळ्यात ही जुळवून घेण्याची शक्ती १४ डायॉप्टरच्या (चष्म्याचा नंबर मोजतात ते हेच माप) आसपास असते, चाळिशीत ती तिच्या तिसऱ्या हिश्श्यावर येते आणि साठीत जेमतेम एक डायॉप्टर किंवा त्याहूनही कमी उरते. वर्तमानपत्र हात लांब करून वाचावे लागते ते याच कारणाने, आणि प्रथम खाचेच्या कडा पिठाळ होतात, मागाहून माशी विरघळू लागते, तेही याच कारणाने. शिवाय उतारवयात डोळ्याची बाहुली आकुंचित राहते आणि भिंगाला पिवळसर झाक येते. त्यामुळे साठ वर्षांच्या मनुष्याच्या दृष्टिपटलावर विशीतल्या तरुणाच्या मानाने सुमारे एकतृतीयांशच उजेड पोचतो. श्रावणातल्या ढगाळ दुपारी ज्याला माशी सापडत नाही, त्यालाच कार्तिकातल्या स्वच्छ सकाळी ती ठळक दिसते, ती यामुळे.

येथे आपले लोक एक स्वाभाविक चूक करतात. घरात वाचनाचा चष्मा असतोच, तो लावून ते बंदूक खांद्याला लावतात. पण साठीच्या मनुष्याचा वाचनाचा नंबर दोन ते अडीच असतो, आणि त्यातून ४० ते ५० सेंटिमीटरवरची वस्तू स्वच्छ दिसते. माशी त्याच्या दुप्पट अंतरावर असल्याने धूसर राहते आणि निशाण तर पार नाहीसे होते. दुभंगी चष्म्याची गत याहून वाईट, कारण वरच्या भागातून निशाण दिसते, खालच्या भागातून पोथी दिसते, आणि माशी या दोहोंच्या मधल्या ओसाड प्रदेशात पडते. ती शोधण्यासाठी मान वर-खाली होऊ लागली, की प्रत्येक वेळी गालाची बैठक बदलते आणि नेम जातो.

उपाय सोपा असून स्वस्तही आहे. एक मीटरवरची माशी पाहण्यास एक डायॉप्टर लागतो आणि फार दूरचे पाहण्यास शून्य. या दोहोंचा मध्य अर्धा डायॉप्टर. म्हणून दूरचे पाहण्याचा जो आपला नंबर असेल त्यात अधिक ०.५० मिळवून नेम धरणाऱ्या डोळ्यासाठी एकाच नंबराची स्वतंत्र काच करून घ्यावी. अशा काचेतून डोळा दोन मीटरवर स्थिर होतो. माशी त्याच्या अलीकडे आणि निशाण पलीकडे असूनही दोन्ही सुसह्य मर्यादेत येतात. पिस्तूलवाल्याची माशी अंमळ जवळ असल्याने त्याला पाऊण, क्वचित एक डायॉप्टरही लागतो. कल्याणच्या किंवा शहापूरच्या बाजारपेठेतल्या चष्मेवाल्याकडे जाताना बंदूक नेण्याचे कारण नाही आणि नेऊही नये. घरीच डोळ्यापासून माशीपर्यंतचे अंतर दोरीने मोजून तेवढी दोरी बरोबर न्यावी, आणि तपासणीच्या फ्रेममध्ये पाव-पाव नंबराची काच बदलून त्या अंतरावर धरलेल्या पेन्सिलीची कड कोणत्या काचेतून रेखीव दिसते ते स्वतः ठरवावे. पिस्तूल धरताना मान बाजूला वळते आणि नजर काचेच्या नाकाकडील कोपऱ्यातून जाते, जेथे काचेचा गुण बिघडलेला असतो. म्हणून काच नजरेच्या रेषेशी काटकोनात राहील अशी फ्रेम मिळाल्यास उत्तम. दुसरा डोळा मात्र घट्ट मिटू नये. तो मिटला की चेहऱ्याचे स्नायू ताणले जातात आणि उघड्या डोळ्याची बाहुलीही थोडी विस्फारते. त्यापेक्षा त्या बाजूच्या काचेवर दुधी कागदाचा लहानसा तुकडा चिकटवावा.

बाहुली जितकी लहान, तितकी जवळची व दूरची वस्तू एकत्र स्पष्ट दिसण्याची शक्यता अधिक. पोस्टकार्डाला टाचणीने बारीक भोक पाडून चष्म्यावाचून त्यातून वर्तमानपत्र पाहावे. जी अक्षरे विरघळलेली होती ती मंद का होईना, पण वाचता येतात. रायफलीच्या स्पर्धांत मागच्या बाजूला खाचेऐवजी मिलिमीटरभर छिद्राची चकती असते ती याच तत्त्वावर, आणि म्हणूनच उतारवयात पिस्तुलापेक्षा रायफल डोळ्याला अधिक काळ साथ देते. मुंबईकडचे जे जुने नेमबाज पिस्तुलावरून रायफलीकडे वळतात, ते हार मानून वळतात असे समजण्याचे कारण नाही. ज्याला खाचेवरच राहायचे आहे त्याने खाच थोडी रुंद करून घ्यावी, म्हणजे माशीच्या दोन्ही बाजूंना उजेडाच्या पट्ट्या मोकळ्या दिसतात. लोखंड घासून चकचकीत झाले असेल तर त्यावर काजळी धरावी, कारण चमकणारी कड वृद्ध डोळ्याला फसवते. आणि काळ्या वर्तुळाच्या ऐन कडेला माशी टेकवण्याऐवजी खाली पांढऱ्या कागदाचा पट्टा सोडून नेम धरावा. काळ्यावर काळे टेकवले की त्यांची सीमा म्हातारपणी उमगत नाही. पांढऱ्यावर काळे नेहमी उमगते. परवान्यावरच्या साध्या नळीच्या बंदुकीला पुष्कळदा मागची खाचच नसते. तेथे डोळा हीच खाच. गाल दस्त्यावर दर वेळी त्याच जागी टेकला तरच नेम लागतो, हे ध्यानात ठेवावे.

मोतीबिंदू आणि मधुमेह यांविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. मोतीबिंदूत उजेड विखुरतो आणि माशीभोवती धुक्याचे वलय येते. त्यावर काच हा उपाय नव्हे, शस्त्रक्रिया हाच उपाय. ती करताना बसवले जाणारे साधे कृत्रिम भिंग एकाच अंतरावर स्थिर असते, म्हणून आपल्याला नेमबाजीचा छंद आहे हे डॉक्टरांना आधी सांगावे. दूरच्या दृष्टीचे भिंग बसवून घेतले, तर वर सांगितलेली अर्ध्या नंबराची काच त्यावर उत्तम बसते. मधुमेह्याची साखर वर-खाली होत असताना नेत्रभिंगही फुगते-ओसरते आणि नंबर बदलत राहतो. तेव्हा साखर स्थिरावल्यावरच काच करावी. सरळ रेषा वाकड्या दिसू लागल्या, तर मात्र चष्मेवाल्याकडे न जाता तडक नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

आता शरीर. हाताला सूक्ष्म कंप प्रत्येकाच्याच असतो. वय, अपुरी झोप आणि सकाळपासून घेतलेले चहाचे पेले तो वाढवतात. वृद्धाने त्याच्याशी झुंजू नये. श्वास अर्धा सोडून थांबावे, माशी खाचेत बसवावी आणि सहा ते आठ सेकंदांत बार सुटला नाही तर हात खाली घ्यावा. त्यापुढे स्नायू थकतात, दृष्टी मंदावते, आणि अट्टाहासाने सुटलेली गोळी क्वचितच मध्यात जाते. तरुण मनुष्य चुकलेला प्रयत्न रेटून नेतो. वृद्धाला तो सोडून देण्याचे शहाणपण सुचते, आणि या खेळात त्या शहाणपणाला रोख गुणांची किंमत आहे. पन्नाशीनंतर खांद्याचे बळ घटते, म्हणून आठवड्यातून तीन-चार वेळा किलोभर वजन सरळ हाताने धरून उभे राहण्याचा सराव असावा. ज्याचे गुडघे वाकत नसतील त्याने गुडघ्यावर बसून मारण्याचा हट्ट सोडावा. आणि कानांत बोळे न घालता बार काढण्याची जी बढाई आपल्याकडे मारली जाते, ती बहिरेपणाला आमंत्रण होय.

रक्तदाबाच्या औषधांची एक बाब स्पर्धेत उतरू इच्छिणाऱ्याने अवश्य जाणून घ्यावी. मेटोप्रोलॉल, प्रोप्रानोलॉल या जातीच्या गोळ्या हृदयाची गती आणि हाताचा कंप दोन्ही कमी करतात, आणि त्याच कारणाने त्या नेमबाजीत निषिद्ध आहेत; २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू यांची दोन पदके याच द्रव्यापायी परत घेतली गेली. पण म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करणे हा आत्मघात होईल. वैद्यकीय सवलतीसाठी रीतसर अर्ज करावा. ती न मिळाली तर स्पर्धा सोडावी, गोळी सोडू नये, आणि गावच्या मैत्रीच्या सामन्यात समाधान मानावे.

उघड्या माशीवर वय किती दूर जाऊ शकते, याचे दाखले जगात थोडेथोडके नाहीत. जॉर्जियाच्या निनो सालुक्वाद्झे १९८८ साली एकोणिसाव्या वर्षी सोलला पिस्तुलात सुवर्णपदक जिंकल्या, २०१६ साली रिओला स्वतःच्या मुलासह उतरल्या, आणि २०२४ साली पंचावन्नाव्या वर्षी पॅरिसमध्ये आपल्या दहाव्या ऑलिंपिकला उभ्या राहिल्या. त्याच पॅरिसमध्ये एक्कावन्न वर्षांच्या युसुफ दिकेच या तुर्की नेमबाजाने साधा चष्मा लावून, एक हात खिशात घालून मिश्र संघाचे रौप्यपदक मिळवले. स्वीडनच्या ऑस्कर स्वान यांनी १९२० साली अँटवर्पला पदक घेतले तेव्हा त्यांचे वय बहात्तर होते. परंतु मला या सर्वांहून जवळची वाटते ती उत्तर प्रदेशातल्या बागपत जिल्ह्याच्या जोहडी गावची चंद्रो तोमर. साठी ओलांडलेली, डोक्यावरचा पदर न ढळू देणारी ही शेतकरी आजी नातीला सोबत म्हणून नेमबाजीच्या वर्गावर गेली, स्वतःच पिस्तूल उचलून बसली, आणि पुढे आपल्या जावेसह, प्रकाशी तोमरसह, ज्येष्ठांच्या स्पर्धांतून पदके घेऊन आली. २०२१ साली ती निवर्तली. तिच्या गावात ना संगमरवरी संकुल होते, ना परदेशी प्रशिक्षक. डोळखांबच्या किंवा टोकावड्याच्या आजीहून तिची परिस्थिती फारशी निराळी नव्हती.

महाराष्ट्राकडे तर या विद्येची परंपराच आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्यूनिकला पन्नास मीटर रायफलीत विश्वविजेत्या झाल्या, आणि ऑलिंपिकचे दार त्यांना उघडले ते टोकियोत, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. २००४ साली अथेन्सला खेळलेल्या दीपाली देशपांडे यांनी पुढे प्रशिक्षकाची भूमिका पत्करली, आणि त्यांचे शिष्य, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे स्वप्निल कुसळे, यांनी २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक आणले. खेड्यातून येथवर वाट जाते, हे त्यांनी दाखवून दिले.

शहापूर-मुरबाडच्या मनुष्याला मात्र रीतसर सरावासाठी वरळीचे महाराष्ट्र रायफल असोसिएशनचे मैदान किंवा पुण्याचे बालेवाडी गाठावे लागते. शहापूरकराला निदान आसनगावहून लोकल आहे. मुरबाडकराला प्रथम एस.टी.ने कल्याण गाठणे भाग, आणि साठीच्या गुडघ्यांना हा प्रवास दर आठवड्याला परवडणारा नाही. परवान्याच्या बंदुकीने रानात जाऊन सराव करावा म्हटले, तर ते बेकायदा आणि धोक्याचेही. तानसा आणि भीमाशंकर ही दोन अभयारण्ये येथून हाकेच्या अंतरावर आहेत, आणि शेतात शिरलेल्या रानडुकरावरसुद्धा वनखात्याच्या परवानगीवाचून गोळी झाडता येत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे खरी, तथापि तो परवाना राखणीचा आहे, सरावाचा नव्हे. जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या कचेरीतून परवाना मिळवताना २०१६ च्या नियमांनुसार वैद्यकीय दाखलाही जोडावा लागतो. ही अट योग्यच आहे, आणि डोळे तपासून घेण्याचा तो एक चांगला प्रसंगही आहे.

पण त्याच नियमांनी एक दार मोकळे ठेवले आहे. ४.५ मिलिमीटर नळीच्या आणि वीस ज्यूलपेक्षा अधिक जोर नसलेल्या हवाई बंदुकीला परवाना लागत नाही, आणि ऑलिंपिकमधला दहा मीटरचा खेळ याच नळीच्या शस्त्राने खेळला जातो. त्यासाठी लागते ती बंद जागा, उभे राहण्याच्या रेषेपासून निशाणापर्यंत मोजून दहा मीटर. मागे छर्रे अडवणारी भक्कम भिंत व पेटी, निशाणावर पुरेसा आणि स्थिर उजेड, आणि नळी कोणाकडेही वळू न देणारा एक कडक मनुष्य. तालुक्याच्या गावी अशी जागा शाळेच्या सभागृहात सुट्टीच्या दिवशी मिळू शकते, आणि तो कडक मनुष्य तर निवृत्त हवालदारांत नि माजी सैनिकांत आपल्याकडे मुबलक आहे. जिल्ह्यातल्या क्रीडा अधिकाऱ्यांनी आणि नेमबाजी संघटनांनी शहापूर व मुरबाड येथे ज्येष्ठांसाठी, स्त्रियांनाही अगत्याने बोलावून, असे एकेक शिबिर भरवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आणि भरवाल तेव्हा पिस्तुले दोन कमी आणली तरी चालतील, पण चष्मेवाल्याची तपासणीची फ्रेम आणि पाव, अर्धा, पाऊण व एक नंबराच्या काचांची पेटी बरोबर असू द्यावी, आणि पहिला छर्रा उडण्यापूर्वी रांगेतल्या प्रत्येकाच्या डोळ्यापासून माशीपर्यंतचे अंतर मोजून घ्यावे.